हार नंतर, खुराक आधी

आमच्या गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती लागली की हलगी कडाडते आणि खिशातून नोटा बाहेर येतात. त्या इनामाच्या पैशांवर माझ्या थोरल्या भावाने दोन वर्षे दूध-बदाम भागवले. तिसऱ्या वर्षी आई-बापांबरोबर त्यानेही कोयता उचलला. त्याच्या उचलीतून माझी फी भरली गेली. तेव्हा या विषयावर मी तटस्थपणे लिहीन, अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

खाशाबा जाधवांचे नाव आपण सारेच घेतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! पण मला तितकेच मोठे वाटतात ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. आपल्या विद्यार्थ्याला जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून ते फेडले. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना मरणोत्तर मिळाला. ते गेले १९८४ साली.

आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेही ५७ किलो गटातच. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य. पण त्याचे वडील स्वतः पैलवान होते, आणि पुण्यात त्याला हरिश्चंद्र बिराजदारांसारखे वस्ताद लाभले. ज्याच्या घरात पैलवान नाही आणि पुण्याला जायला पैसा नाही, त्याने काय करावे?

आमचे काही प्राध्यापक म्हणतात, पुस्तक धरा नाहीतर तालीम धरा. सरांची क्षमा मागून म्हणतो, राजाराम कॉलेजात दोन्ही धरता आले. आपल्याकडे स्पर्धेला निघालेल्या मुलाच्या हातावर एसटीचे भाडे ठेवतात, अन् स्नेहसंमेलनाच्या मंडपाला हात सैल सुटतो. त्या खर्चातून दोन-तीन मुलांचा वर्षाचा खुराक निघेल, असा माझा अंदाज आहे. कुणी घर गहाण टाकावे, असे मी म्हणत नाही.

हा लेख भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "खुराकाचं राहू दे रे, आधी मॅट आणायला सांग. मातीत शिकलेलं पोरगं मॅटवर पहिल्या मिनिटाला घसरतं."