तळे कोणी खोदले?

कोल्हापूरचा रंकाळा संध्याकाळी शांत दिसतो. इथे पूर्वी दगडाची खाण होती, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास भूकंप झाला, खाण खचली आणि तिच्यात पाणी भरले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. नाव पडले रंकभैरवावरून. म्हणजे श्रेय भूकंपाला आणि मान देवाला! पण खाण होती म्हणजे दगड फोडणारे हातही होते. या कथेत ते हात कुठे आहेत?

"आता तळ्यातही जात शोधणार का?" असे आम्हाला विचारले जाते. मित्रांनो, आम्ही जात शोधत नाही. कोणाचे श्रम विसरायचे हे जातीनेच आधी ठरवून ठेवले आहे. महाराष्ट्रात दगड-मातीचे काम वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. गाडीवडार दगड वाहतो, मातीवडार माती खणतो, पाथरवट जाती-पाटे घडवतो. बदल्यात काय मिळाले? हा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे कोण? १८७१ च्या कायद्याने सुरू झालेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये ज्यांच्यावरून पुसला गेला, ते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा हुकूम काढला. पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान भागवण्यासाठी नव्हे, तर माणूस म्हणून हक्क सांगण्यासाठी.

म्हणून कोणत्याही तळ्याला आम्ही दोन प्रश्न विचारतो: खोदले कोणी आणि पिऊ दिले नाही कोणाला? हे प्रश्न जुने झालेले नाहीत. आजही शहरांच्या कडेला खाणी खणल्या जातात. दगड संपला की मजुरांची वस्ती उठते, खड्ड्यात पावसाचे पाणी साठते आणि पुढे त्याच पाण्याच्या देखाव्यावर घरांचे भाव चढतात.

रंकाळ्याच्या काठावर दगड फोडणाऱ्या अनाम श्रमिकांच्या नावाने एक शिळा उभी राहिली पाहिजे, ही आमची मागणी आहे. देवाचे नाव खुशाल राहू द्या. पण घामाचीही नोंद झाली पाहिजे.

जय भीम!