वीस हजार भागिले शून्य

आमच्या गल्लीत विजेचे बिल वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आहे. बिल कन्नडमध्ये येते आणि गल्लीतील बहुतेक वडीलधारी मंडळी मराठी शाळेत शिकलेली. त्यामुळे महिन्यातून एकदा मी दारोदारचा दुभाषा होतो. 2023 सालापासून मात्र हे काम फार सोपे झाले आहे. "किती आलंय रे?" "शून्य, आज्जी." संपले भाषांतर! शून्याला भाषा लागत नाही.

ही कर्नाटक सरकारच्या 'गृहज्योती' योजनेची कृपा. घराला ठरवून दिलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त 200 युनिटांपर्यंत, वीज वापरली तर बिल सरकार भरते. दुसऱ्याच्या दुकानात शिलाई करून घर चालविणाऱ्या माझ्या बाबांना या शून्याचे मोल काय आहे, ते मी जाणतो. तेव्हा या योजनेला नावे ठेवण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एक हिशेब मला स्वस्थ बसू देत नाही.

आमच्याकडे 'सोलर' म्हटले की लोकांना आंघोळीचे गरम पाणी आठवते. पण फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली, ती विजेची. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर प्लेटा बसवायच्या. एक किलोवॉटला 30,000 रुपये अनुदान, दोन किलोवॉटला 60,000, तीन वा अधिक असल्यास 78,000. योजनेत एका किलोवॉटची किंमत 50,000 धरली आहे, म्हणजे पदरचे 20,000. बाजारात थोडे अधिक पडतील, हे उघड आहे.

मी वही काढली. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला 120 युनिट वीज मिळते. आमचा वापर 110. युनिटला सहा रुपये धरले तर महिन्याला 660 रुपये वाचतात. अडीच वर्षांत भांडवल वसूल, आणि प्लेटा टिकतात पंचवीस वर्षे! मोठ्या उत्साहाने मी वही बाबांपुढे धरली. त्यांनी चष्मा काढला आणि एवढेच विचारले, "पण आपलं वाचणार किती?"

मी निरुत्तर झालो. ज्याचे बिलच शून्य, त्याचे काय वाचणार? वीस हजार भागिले शून्य! शून्याने भागायचे नसते, असे आमचे गणिताचे सर बजावीत असत. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

परंतु मित्रहो, ते बिल खरोखर शून्य आहे काय? खर्च नाहीसा झालेला नाही. तो दुसऱ्या खात्यावर गेला आहे. माझ्याच हिशेबाने सरकार आमच्या घरासाठी वर्षाला 7,920 रुपये भरते. तीन वर्षांचे 23,760. हेच पैसे एकदम आमच्या छपरावर घातले असते, तर चौथ्या वर्षापासून आमचे बहुतेक बिल सूर्याने भरले असते. दर महिन्याला दिलेली मदत महिनाअखेर संपते. छपरावर घातलेली मदत मालमत्ता होते. माझे म्हणणे एवढेच आहे.

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. जून ते सप्टेंबर बेळगावचे आभाळ कुणाचेच ऐकत नाही. मध्येच एकदा इन्व्हर्टर बदलावा लागतो. शिवाय पुष्कळांना ठाऊक नसते की, बॅटरी नसलेल्या साध्या यंत्रणेत बाहेरची लाईट गेली की आपल्या प्लेटांची वीजही बंद पडते. खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून. हे सर्व आधी सांगितले पाहिजे. जाहिरातीत ते सांगितले जात नाही.

खरी अडचण मात्र निराळीच आहे. अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचा लागतो. आमचे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे आणि ते जाऊन नऊ वर्षे झाली. घराचा उतारा तसाच, वाटणी झालेली नाही. फोनवर विषय काढताच पुण्याच्या काकांनी पहिला प्रश्न केला, "प्लेटा कुणाच्या वाटणीवर बसणार?" त्यांचेही चूक नाही. बरे, आमच्याकडे निदान भांडायला तरी छप्पर आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय करावे? ऊन सर्वांचे आहे, छप्पर सर्वांचे नाही. आणि ही योजना उन्हावर नव्हे, छपरावर चालते.

यावर उपाय नाही असे नाही. एके ठिकाणी सामायिक प्लेटा बसवून त्यांची युनिटे अनेक घरांच्या मीटरवर वाटून जमा करायची, असे नियम दिल्लीत 2019 सालीच झाले. शाळा, मंगल कार्यालये, मंदिरांचे सभामंडप यांची छपरे दिवसभर नुसती तापत असतात. आपल्या महाविद्यालयाची गच्चीच पाहा ना! गल्लीतील पंचवीस घरांनी तिथे आपला वाटा घेतला, तर ना उताऱ्याचा प्रश्न, ना वाटणीचा. आपल्याकडेही हे सहजपणे करता यावे, अशी मागणी आपण विद्यार्थ्यांनी का करू नये? ताळेबंद मांडायला आपण वर्गात शिकतोच आहोत.

तोपर्यंत मी संमतिपत्राचे दोन मसुदे केले आहेत. एक कन्नडमध्ये, कचेरीसाठी. दुसरा मराठीत, काकांसाठी. कन्नडमधला एका बैठकीत लिहून झाला. मराठीतला चार वेळा फाडून पुन्हा लिहिला आहे.