आभाराची सुट्टी

सरकारी नोकराला वर्षाचे भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. वर्ष संपता संपता पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी हातात पडली की झाले. कोणता सण रविवारी येऊन फुकट गेला, कोणता शुक्रवारी येऊन सलग तीन दिवस देऊन गेला, हे आम्ही कारकून मंडळी सगळ्यात आधी पाहतो. यात हसण्यासारखे आहे, तसे विचार करण्यासारखेही आहे. नोकरदाराच्या घरी सण पंचांगात असून भागत नाही. तो सुट्टीच्या यादीतही असावा लागतो.

याचा अनुभव सावलीतल्या आमच्या नातेवाइकांना दरवर्षी येतो. बडोद्याच्या उत्तरेला, मही नदीच्या बाजूला हे तालुक्याचे गाव आहे. मराठी माणसाशी त्याचे नाते जुने. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ साली डाकोरला घातपाताने खून झाला आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते सावलीत. गायकवाडीबरोबर गेलेली मराठी घरे त्या भागात अजून आहेत आणि त्यांतल्याच एका घरात माझी मावसबहीण दिलेली आहे. तिचा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. दिवाळीला त्याचा फोन येतो तो ऑफिसातून, घाईघाईचा. मनसोक्त बोलणे होते ते नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. तिकडे दुपारचे बारा वाजलेले असतात, सावलीत रात्रीचे साडेदहा. दिवाळीचा फराळही ही मुले तेव्हाच मांडतात, कारण गुरुवार-शुक्रवार सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार. मावसबहीण म्हणते, "आपला सण असतो तेव्हा त्याला रजा नाही, आणि त्याला रजा असते तेव्हा आपल्याकडे सण नाही."

हा गुरुवार म्हणजे अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग, आभार मानण्याचा दिवस. १६२१ साली प्लिमथला आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी पहिले पीक हाती आल्यावर तिथल्या वाम्पानोग लोकांबरोबर मेजवानी केली, तिथून ही कथा सांगतात. त्या मूळ रहिवाशांचे पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे १९७० पासून त्यांचे वंशज व त्यांच्याबरोबरचे लोक याच दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. आजची सुट्टी मात्र कागदोपत्री घडलेली आहे. सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षे लेख लिहून, पत्रे पाठवून पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १८६३ साली, ऐन यादवी युद्धात, अध्यक्ष लिंकन यांनी देशभर हा दिवस पाळण्याची घोषणा केली. १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो आठवडाभर अलीकडे आणला. कारण काय, तर नाताळच्या खरेदीला दुकानदारांना जास्त दिवस मिळावेत. निम्म्या राज्यांनी ऐकले, बाकीच्यांनी नाही. शेवटी १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. आपल्याकडे तिथीचा घोळ होतो म्हणून हसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

पण मला त्या दिवसाबद्दल वेगळाच प्रश्न पडतो. आभाराच्या दिवशी कामावर कोण असते? सावलीची ती सून रुग्णालयात परिचारिका आहे. दर दुसऱ्या वर्षी तिची त्या गुरुवारी पाळी लागते. ज्या वर्षी ती घरी असते, त्या वर्षी आदला अख्खा दिवस ओट्यापाशी उभी असते. खाजगी मालकाने सणाची पगारी सुट्टी द्यावी, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. काही वर्षांपूर्वी तर मोठमोठी दुकाने गुरुवारी संध्याकाळीच उघडू लागली होती. लोक जेवून उठत आणि स्वस्त टीव्हीसाठी रांग लावत. २०२० च्या साथीनंतर बऱ्याच दुकानांनी तो प्रकार थांबवला, हे बरे झाले.

आता आपल्याकडे पाहू. थँक्सगिव्हिंग आपल्याकडे नाही असे कोणी म्हटले, तर मी त्याला गोवा सरकारची यादी दाखवीन. तीत चतुर्थीबरोबर चतुर्थीचा दुसरा दिवसही असतो. हा दुसरा दिवस म्हणजे नव्याची पंचम. शेतातली भाताची कणसे घरी आणायची, त्यांची पूजा करायची, दारावर बांधायची. ख्रिस्ती बांधवांचे कणसाचे फेस्त हेच सांगते. राय गावी ते ५ ऑगस्टला होते, ताळगावला २१ ऑगस्टला. धर्म दोन, पण कणीस एकच.

याच पंचमीला मराठी घरांत ऋषिपंचमीचा उपवास असतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने पिकवलेलेच खायचे, असा दंडक. मला हा दंडक फार मोठा वाटतो. ताटात पडलेल्या घासामागे कोणाची मान जुवाखाली होती, हे वर्षातून एकदा तरी आठवायला लावणारा हा उपवास आहे. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आपल्या गोरवांच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ घालतात, माळा घालतात, गोडधोड चारतात. त्याच सुमारास तिकडे सावलीत अन्नकूट असतो, आणि व्यापारी लाभपंचमीपर्यंत दुकान उघडत नाही. खंडेनवमीला तर लोखंडाच्या हत्यारालाही आपण हळदकुंकू लावून बाजूला ठेवतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. आपल्या जुन्या माणसांनी आभार शब्दांनी फारसे मानले नाहीत. घरातल्या घरात तर आभाराला आपल्याकडे धड शब्दही नाही. गोव्यात फार तर आपण 'देव बरें करूं' म्हणतो, म्हणजे परतफेड देवावर सोपवतो. पण ज्याने राबून दिले त्याला एक दिवस राबवायचे नाही, ही आभाराची रीत त्यांनी पक्की केली होती. विसावा देणे हेच आभार मानणे.

माणसाला मात्र हा विसावा मागून, भांडून घ्यावा लागला. मुंबईच्या गिरण्यांत हप्त्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. आज आपण रविवारी पडलेल्या सणाबद्दल हळहळतो, तो रविवारसुद्धा कोणीतरी मिळवून दिलेला आहे.

तरीही बैलाला मिळाले ते सगळ्यांना मिळाले नाही. चतुर्थीच्या दोन दिवसांत घरातली बाई पहाटेपासून खतखते, नेवऱ्या, पाच-सात भाज्या यांत बुडालेली असते. तिच्यासाठी हे वर्षातले सगळ्यात जड दिवस. सणाला गावी जाणाऱ्या बसचा चालक, रुग्णालयातली आया, किनाऱ्यावरच्या हॉटेलात पाहुण्यांची ताटे उचलणारा पोर, हे सगळे आपल्या सुट्टीमुळेच कामावर असतात. सावली तालुक्यातल्या कारखान्यात दिल्ली मेट्रोचे डबे तयार झाले. त्या गाड्या दिवाळीतही धावतात आणि त्या चालवणाऱ्याच्याही घरी दिवा लागायचा असतो.

सगळे बंद ठेवा असे मी म्हणत नाही. रुग्णालय बंद ठेवून कसे चालेल? पण सणाला कामावर आलेल्याला बदली रजा मिळाली पाहिजे, मग तो कंत्राटी असो की कायम. ती मागताना त्याला भीक मागितल्यासारखे वाटता कामा नये. कार्यालयात कायम नोकराची रजा नियमाने मिळते आणि झाडूवाल्या कंत्राटी बाईचा सणाचा दिवस पगारातून कापला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. तेवढ्यापुरते तरी आपण सरकारी लोकांनी तोंड उघडायला हरकत नाही.

आणि घरापुरते बोलायचे, तर नव्याच्या पंचमीला चुलीचा ताबा पुरुषांनी घ्यावा. ऋषीची भाजी म्हणजे सगळे एकत्र शिजवायचे, त्यात फारसे कसब लागत नाही. मीठ कमीजास्त झाले तर एक दिवस चालवून घ्यावे. कणसाला नमस्कार करून झाला की जिच्या हाताने ते तांदूळ वर्षभर शिजतात, तिला त्या दिवशी खुर्चीवर बसू द्यावे. यासाठी सरकारच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. सुट्टी यादीत आधीच आहे.