काळी पाटी कीं पांढरा कागद?

घरांत कोणी स्थापत्याचें शिक्षण घेतलेलें असलें, तर त्याच्या टेबलावर आतां ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर दिसत नाहींत. दिसतो तो संगणकाचा पडदा. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनांतून बाहेर पडलेला मुलगा असो, किंवा नागपुरास वास्तुशास्त्र शिकून पुसद-वणीकडे घरांचे नकाशे करून देणारी सून असो, दिवसाचे आठ-दहा तास त्या पडद्यापुढें जातात. मग संध्याकाळीं डोळे चोळणें, कपाळ धरून बसणें सुरू होतें, आणि घरांत दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, “काळ्यावर बारीक रेघा पाहून डोळे जातील; पडदा कागदासारखा पांढरा कर.” काका म्हणतात, “पांढरा पडदा म्हणजे दिव्याकडेच टक लावणें, काळाच बरा.” आणि आजी एका वाक्यांत निकाल देतात, “असलें कामच नको!” हा शेवटचा सल्ला प्रेमापोटीं दिलेला असतो खरा, पण त्याच्या पायीं एखाद्या हुशार मुलीचा व्यवसाय सुटण्याची वेळ येते. म्हणून या वादांत खरें किती आणि भ्रम किती, हें सुज्ञ वाचकांनीं एकदां पाहून घ्यावें.

काळी भूमि कीं पांढरी, हा तंटा संगणकानें आणलेला नव्हे. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४२ सालीं सायनोटाइपची युक्ति शोधली, आणि तींतून पुढें ब्लू-प्रिंट निघाली: गर्द निळी भूमि आणि तीवर पांढऱ्या रेघा. मागाहून अमोनिया प्रिंट आली. तिनें भूमि पांढरी केली आणि रेघा निळ्या. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेंत नकाशे रंगविण्याचें जें कोष्टक आहे, त्यांत पांढरा नकाशा, ब्लू-प्रिंट आणि अमोनिया प्रिंट असे तीन निरनिराळे रकाने आहेत. उभें असलेलें बांधकाम पहिल्यावर काळें, दुसऱ्यावर पांढरें आणि तिसऱ्यावर निळें दाखवावयाचें. नवें बांधकाम लाल, आणि पाडावयाचा भाग पिवळ्या रेघांचा. भूमि बदलली कीं रेघेचा रंगहि बदलावा लागतो, हें शहाणपण नियम करणाऱ्यांना संगणकापूर्वींच होतें.

संगणकाचे पहिले पडदे काचेच्या नळीचे होते. त्यांवर चित्र दर सेकंदाला पुन्हां पुन्हां उमटत असे, आणि भूमि उजळ असली म्हणजे तें लुकलुकणें डोळ्यांना फार जाणवे. १९८२ सालच्या डिसेंबरांत निघालेल्या ऑटोकॅडनें काळी भूमि धरली ती याच जमान्यांत. त्या नळ्या गेल्या, लुकलुकणेंहि गेलें. तरी संवय राहिली. आजहि ऑटोकॅडची काम करण्याची जागा काळपट असते आणि छापील पानाचा देखावा पांढरा असतो. उलट रेव्हिटनें मुळापासूनच कागदाची पांढरी भूमि घेतली. दोहोंतहि ती बदलण्याची सोय आहे. अर्थात् जें आपल्यापुढें येतें तें शास्त्राचा अखेरचा निकाल नव्हे, कारखानदाराची निवड होय.

आतां डोळ्याकडे वळूं. उजळ भूमीकडे पाहिलें म्हणजे बाहुली आकुंचन पावते, आणि लहान छिद्रांतून चित्र रेखीव दिसतें. म्हणूनच दूरची पाटी वाचतांना मनुष्य डोळे बारीक करतो. भूमि काळी असली म्हणजे बाहुली विस्तारते. मग भिंगांत जो कांहीं तिरकसपणा असेल तो उघडा पडतो आणि पांढरी रेघ पसरल्यासारखी दिसते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षांत, पांढऱ्यावरचीं काळीं अक्षरें तरुणांना व वृद्धांना सारखींच अधिक चांगलीं वाचतां आलीं. येथवर आजोबांची बाजू खरी ठरते. पण नकाशा म्हणजे नुसतीं अक्षरें नव्हेत. त्यांत सात-आठ रंगांच्या रेघा असतात, आणि प्रत्येक रंगाला अर्थ असतो.

दोन रंगांच्या तेजांतील अंतर मोजण्याचें एक माप आहे. पांढरें आणि काळें यांत तें २१ पट भरतें. चित्रांतील अर्थवाही रेघेला निदान ३ पट अंतर असावें, असा दंडक डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनें २०१८ सालीं घातला. या मापानें पांढऱ्या भूमीवर शुद्ध पिवळी रेघ अवघी १.०७ पट भरते, म्हणजे जवळ जवळ नाहींशीच होते. शुद्ध निळी रेघ काळ्यावर २.४ पट, आणि ऑटोकॅडच्या नव्या आवृत्त्यांतील राखी-काळ्या भूमीवर तर १.७ पटच भरते. तात्पर्य, पांढऱ्या पडद्यावर पाडावयाची भिंत दिसेनाशी होण्याचें भय, आणि काळ्यावर निळ्यानें काढलेली नळाची ओळ. डोळ्यांचा शीण रात्रीच्या झोपेनें उतरतो. चुकीच्या नकाशावर उभारलेली भिंत मात्र झोपेनें उतरत नाहीं. ज्या भूमीवर काम करावयाचें, तिला शोभतील असे गडद किंवा फिके रंग आधीं निवडून ठेवावे, हा यावर उपाय.

पण शीण येतो कशानें? आपल्यापैकीं पुष्कळांनीं मुळाक्षरें काळ्या पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीनें गिरविलीं आणि पुढें पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनें वळण घोटलें. पाटीनें कोणाचे डोळे गेले नाहींत आणि कागदानेंहि नाहींत. पाटी काय आणि कागद काय, स्वतः प्रकाशत नाहींत. खोलींत जितका उजेड, तितकाच आपआपल्या मानानें परत देतात. संगणकाचा पडदा मात्र आपला दिवा आपल्यापाशीं घेऊन बसलेला असतो. खोली आणि पडदा यांच्या उजेडांत मोठी तफावत पडली कीं डोळ्याला सारखी दुहेरी कसरत करावी लागते. भूमीच्या रंगापेक्षां ही तफावतच अधिक छळते.

यवतमाळकडे तर हा हिशेब ऋतूबरोबर फिरतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपलीकडे जातो. दुपारीं दारें-खिडक्या लावून, वाळ्याचे पडदे सोडून आणि कूलर लावून घर अंधारांत बसतें. त्या अंधारलेल्या खोलींत पांढरा पडदा पुऱ्या तेजानें लावणें म्हणजे भर रात्रीं कंदील डोळ्यांपुढें धरणें होय. तेव्हां राखी-काळी भूमि सुखाची, किंवा पांढरी ठेवणें असेल तर तिचें तेज उतरवावें. उलट मार्गशीर्ष-पौषांत खिडक्या उघड्या असतात, कोवळें ऊन थेट आंत येतें, आणि काळा पडदा आरसा बनतो: मागची खिडकी, भिंतीवरचें कॅलेंडर, आपलेंच तोंड त्यांत दिसतें, आणि रेघ त्यांतून वेंचावी लागते. तेव्हां पांढरी भूमिच बरी. म्हणजे काका वैशाखांत खरे आणि आजोबा पौषांत खरे!

याची कसोटी अगदीं सोपी आहे. एक कोरा कागद पडद्याशेजारीं धरावा. पांढरा पडदा कागदापेक्षां दिव्यासारखा झळकत असेल तर तेज कमी करावें. मळकट दिसत असेल तर वाढवावें. खिडकी पाठीशीं किंवा समोर न येतां बाजूला यावी. रात्रीं काम करतांना खोलींतला दिवा मालवूं नये. घरच्यांची झोपमोड होऊं नये म्हणून कित्येक सुना व मुली काळोखांत बसून काम करतात. त्यांना एखादा आडोशाचा दिवा देणें हें घरच्यांचें काम आहे.

दुसरें कारण पापणीचें. जपानांतील सुबोटा आणि नाकामोरी या नेत्रवैद्यांनीं १९९३ सालीं मोजून दाखविलें कीं स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सरासरी २२ वेळां पापणी लववितो, पुस्तक वाचतांना १० वेळां, आणि संगणकापुढें केवळ ७ वेळां. डोळे चुरचुरतात ते या कोरडेपणानें, आणि कूलरचा झोत तोंडावर असेल तर तो कोरडेपणा वाढतो. पडदा कोणत्याहि रंगाचा असो, दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडे, अंगणांतल्या निंबाकडे म्हणा, थोडा वेळ पाहावें आणि पापण्या मुद्दाम मिटाव्या. कूलरचें तोंड बाजूला वळवावें.

चाळिशी लागलेल्यांचें दुखणें निराळें आहे. त्यांचा वाचनाचा चष्मा पोथीच्या अंतराचा, सुमारें ३५ ते ४० सेंटिमीटरांचा असतो. पडदा असतो दोन फुटांवर. मग मान पुढें काढून किंवा वर करून पाहावें लागतें, आणि दोष मात्र पडद्याच्या रंगावर जातो. अशांनीं त्या अंतराचा वेगळा नंबर काढून घ्यावा. निळा प्रकाश अडविणाऱ्या महागड्या कांचांवर पैसा घालण्यापूर्वीं मात्र विचार करावा: कॉक्रेन या संस्थेनें २०२३ सालीं सतरा चाचण्या पडताळून असें सांगितलें कीं, संगणकानें येणारा शीण त्या कांचांनीं बहुधा कमी होत नाहीं.

पडद्याच्या शिणानें डोळे कायमचे जातात, ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं, असें नेत्रवैद्य सांगतात. तथापि डोकेदुखी आठवडाभर हटली नाहीं, दुहेरी दिसूं लागलें किंवा डोळे लाल राहूं लागले, तर पडद्याचे रंग बदलीत बसूं नये. डोळे तपासून घ्यावे. एरवीं काळें कीं पांढरें याचा निर्णय जो काम करतो त्याच्यावर सोपवावा, आणि वडील माणसांनीं आपली काळजी खोलीतील दिवा, खिडकी आणि वेळेवरची विश्रांति यांकडे वळवावी. सुनेला “हें काम सोड” म्हणण्यापेक्षां तिचें टेबल खिडकीच्या बाजूला सरकवून देणें अधिक सोपें आहे, आणि त्यानें तिचे डोळेहि राहतील व कामहि राहील.