क्षयजंतूचें अन्न

आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलास गेल्या वर्षीं इंदापुरास क्षयाचा विकार जडला. ज्यास आमचे वैद्यकग्रंथ राजयक्ष्मा म्हणतात तोच हा रोग. यंत्रावरील तपासणीनें दोन तासांत निदान झालें, रिफाम्पिसिन हें औषध लागू पडेल असेंही कळलें व गोळ्या सुरू झाल्या. परंतु दोन महिन्यांनंतरही खोकला हटेना, तेव्हां बारामतीच्या डॉक्टरांनीं बेडका पुण्यास जंतू वाढवून पाहण्यासाठीं धाडला व सांगितलें कीं, अहवालास सहा आठवडेही लागतील. बंधू आम्हांस म्हणाले, "दादा, दोन तासांत कळतें तेथें सहा आठवडे कशाला? अहवाल येईपर्यंत गोळ्या तरी बंद ठेवूं."

गोळ्या बंद करूं नयेत हें आम्हीं निक्षून सांगितलें. मात्र पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांसही शोधावें लागलें. तें यंत्र जंतूचें बीजद्रव्य ओळखतें; पण मेलेल्या जंतूंतही तें कांहीं काळ राहतें. जंतू जिवंत आहे किंवा नाहीं हें त्यास खाऊं घालून वाढवल्यावांचून उमगत नाहीं. शिवाय आयसोनायझिड या दुसऱ्या प्रमुख औषधास तो जुमानतो कीं नाहीं, हें त्या पहिल्या तपासणींत कळलेंच नव्हतें. आणि हा जंतू अतिशय मंद. आंतड्यांतला सामान्य जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. यास त्याच कामाला सुमारें वीस तास लागतात.

कॉखनें 24 मार्च 1882 रोजीं बर्लिन येथें या जंतूचा शोध जाहीर केला, तेव्हां त्यानें जनावराच्या रक्तांतील पिवळसर पाणी गोठवून त्यावर तो वाढवला होता. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास याच रोगानें निवर्तल्या. जंतू ओळखून तेव्हां पांच वर्षें होत आलीं होतीं. पण त्यावरील स्ट्रेप्टोमायसिन सांपडावयास 1943 साल उजाडलें.

पुढें रक्ताची जागा अंड्यानें घेतली. लोवेन्स्टाईन व जेन्सेन या दोघांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें माध्यम 1930 नंतरच्या दोनतीन वर्षांतलें. अंडीं, ग्लिसरीन, कांहीं क्षार व इतर जंतूंस रोखणारा एक हिरवा रंग एकत्र करून तें मिश्रण लहान बाटल्यांत ओततात, बाटल्या तिरक्या ठेवतात व ऐंशीपंचाऐंशीं अंशांच्या उष्णतेंत थिजवतात. खरवस वाफेवर धरतो तसाच हा प्रकार. आमच्या भावजयीनें हें ऐकून प्रथम नाक मुरडलें, मग विचारलें, "अंड्यावर लवकर वाढतो कां हो?" लवकर मुळींच नाहीं, तीन ते आठ आठवडे. त्यांतही एक खोंच आहे. ग्लिसरीन मनुष्याच्या क्षयजंतूस मानवतें, गुरांच्या क्षयजंतूस मानवत नाहीं. त्याच्यासाठीं पायरुवेट नांवाचें द्रव्य घातलेली निराळी बाटली लागते. आमच्या भागांत दारोदार दुभतीं जनावरें आहेत, म्हणून हें मुद्दाम लिहिलें. दूध उकळूनच प्यावें.

नवें माध्यम पातळ आहे. नळीच्या तळाशीं असा पदार्थ असतो कीं, जंतूंनीं आंतला प्राणवायू खाल्ला म्हणजे तो चमकूं लागतो व यंत्र ती चमक टिपतें. बहुधा दहा ते चौदा दिवसांत काम होतें; मात्र जंतू नाहींत असें म्हणावयास बेचाळीस दिवस थांबावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें 2007 मध्यें या पद्धतीची शिफारस केली. परंतु पातळ अन्नावर आगंतुकही तितक्याच आवडीनें तुटून पडतात. क्षयजंतूस मेणासारखें कवच असल्यामुळें नमुना आधीं क्षारांत धुतात; त्यांत इतर जंतू बहुतेक मरतात, सर्व नव्हेत.

आमच्या पुतण्याचा पहिला नमुना असाच बाद झाला. छातींतल्या बेडक्याऐवजीं लाळच अधिक होती, आणि ती शनिवारपासून सोमवारपर्यंत वाटेंत कोठें तरी उन्हाळ्यांत पडून राहिली. दुसऱ्या खेपेस त्यानें सकाळीं उठतांच चूळ भरून खोल खोकून बेडका दिला, तो बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पुण्यास पोंचवला. चौदाव्या दिवशीं नळी चमकली. पुढील तपासणींत आयसोनायझिड लागू पडत नाहीं असें निघालें व डॉक्टरांनीं औषधें बदललीं. हिरव्या अंड्याच्या बाटलींत मात्र पांचव्या आठवड्यांत फिकट बदामी, खरबरीत कण दिसले, तोंपर्यंत मुलाचा खोकला निम्म्यावर आला होता. अजून त्याच्या चार महिन्यांच्या गोळ्या राहिल्या आहेत. भावजय रोज दिनदर्शिकेवर एक फुली मारते.