जिभेची साक्ष: जेफरसनच्या बाटल्या आणि साधनचिकित्सा

१/ ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात वाइनची एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. गडद हिरव्या काचेवर १७८७ हे साल, 'लाफीत' हे नाव आणि 'टीएच. जे.' ही आद्याक्षरे कोरलेली होती. टीएच. जे. म्हणजे थॉमस जेफरसन, अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. विकत घेणारे होते अमेरिकेतील फोर्ब्स कुटुंब.

२/ दावा मोहक होता. जेफरसन १७८५ ते १७८९ या काळात फ्रान्सच्या दरबारी अमेरिकेचे प्रतिनिधी होते (मराठी कागदांच्या भाषेत 'वकील'). १७८७ मध्ये ते स्वतः बोर्दोला गेले होते. वाइनचे ते दर्दी आणि हिशेबाचे काटेकोर. नेमके इथेच दाव्याचे बिंग फुटायला हवे होते. माँटिसेलो येथील अभ्यासकांनी त्यांचे हिशेब आणि पत्रे चाळली, तेव्हा या बाटल्यांचा मागमूस लागला नाही. जेफरसन सहीत 'टीएच' नंतर अपूर्णविराम देत असत; काचेवर मात्र पूर्णविराम होता.

३/ बाटल्या आणल्या होत्या हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाने. पॅरिसमधील एका जुन्या घराच्या भिंतीआड बुजलेल्या तळघरात त्या सापडल्या, असे तो सांगे. कोणते घर, एकूण किती बाटल्या, हे त्याने कधीच सांगितले नाही. 'हे आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या आहे' एवढ्या भांडवलावर 'शिवकालीन' तलवार किंवा होन दाखवणारे आपल्याही परिचयाचे आहेत. बुजलेले तळघर हा त्याच वाक्याचा फ्रेंच अवतार होय.

४/ मग जाणकार फसले कसे? माझ्या मते, त्यांनी कागदाआधी जिभेला विचारले. रोडेनस्टॉकच्या मेजवान्यांत अठराव्या शतकातल्या म्हणून वाइन उघडल्या जात आणि नामवंत परीक्षक त्यांची तोंडभरून स्तुती करीत. पण अठराव्या शतकातील वाइन ताजी असताना चाखलेला कोणीही हयात नव्हता. तुलना करायची कशाशी? जीभ चव सांगते, साल सांगत नाही. ज्याला सन्मानाने बोलावून दुर्मीळ प्याला हातात दिला आहे, त्याची जीभ तर तटस्थही नसते.

५/ १९८८ मध्ये उद्योगपती विल्यम कोक यांनी अशा चार बाटल्या सुमारे पाच लाख डॉलर्सना घेतल्या. २००५ मध्ये बोस्टनच्या एका संग्रहालयातील प्रदर्शनासाठी त्यांचा पूर्वेतिहास मागण्यात आला, आणि देण्यासारखे काही हाती नव्हते. कोक यांनी तपास लावला. आतल्या द्रवात सीझियम-१३७ सापडले नाही. त्यावरून वाइन अणुयुगापूर्वीची असावी एवढेच ठरत होते. त्यापलीकडे काही नाही. उलगडा केला काचेने. अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली आहेत, असे कोरीवकामाच्या तज्ज्ञांनी सांगितले. अठराव्या शतकात असे हत्यार नव्हते. रोडेनस्टॉकने आरोप शेवटपर्यंत नाकारले. २०१८ मध्ये तो वारला.

६/ म्हणून जुनी वाइन उघडूच नये का? तसे मी म्हणत नाही. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात, ऑलंड बेटांजवळ, बुडालेल्या जहाजात शँपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. लेबले पाण्याने गेली होती, पण बुचांवरील छापांमुळे व्हव क्लिको, हाइडसिक आणि जुग्लार ही नावे कळली. २०१५ मध्ये रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. साखर लिटरला सुमारे १५० ग्रॅम! आजच्या 'ब्रूत' शँपेनमध्ये ती १२ ग्रॅमपेक्षा कमी असते. मादाम क्लिकोंच्या पत्रव्यवहारानुसार रशियन गिऱ्हाईक याच्याही दुप्पट गोडी मागत असे. त्यामुळे हा माल रशियाऐवजी जर्मन प्रदेशांकडे निघाला असावा, असे अभ्यासकांनी सुचवले. चाखणाऱ्यांना सुरुवातीला ओल्या केसांचा वास आला म्हणे. तोही शोधनिबंधात नोंदवला गेला. इथे जहाज, बूच, पत्रे आणि रसायन एकमेकांना दुजोरा देत होते. निर्णय एकट्या जिभेवर सोपवलेला नव्हता.

७/ जर्मनीतील श्पायरच्या संग्रहालयात चौथ्या शतकातील एक रोमन बाटली आहे. १८६७ मध्ये थडग्यात सापडली; वर ऑलिव्ह तेलाचा थर, तोंडाशी मेण, आत अजूनही द्रव. ती कधीच उघडलेली नाही. 'एकदा चाखून तरी पाहा' हा मोह मला समजतो, पण तूर्त ती बंद राहावी याच बाजूचा मी आहे. कधीतरी तिच्यातून थेंबभर नमुना घेतला जाईल, तेव्हा त्या थेंबाला काय विचारायचे हे आधी लिहून ठेवलेले असावे.