सोडून दिलेली कादंबरी आणि गृहीत धरलेला वाचक

वाचून झालेले पुस्तक बसस्थानकाच्या बाकावर किंवा चहाच्या टपरीवर ठेवून निघून जावे, ते कोणा अनोळखी माणसाने उचलून वाचावे आणि पुढे तसेच सोडावे, या कल्पनेला २००१ मध्ये अमेरिकेत 'बुकक्रॉसिंग' या नावाने संघटित रूप आले. तिचे समर्थक तिच्यात वाचनाचे लोकशाहीकरण पाहतात. या समर्थनात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, पुस्तक ही निरुपद्रवी भेटवस्तू आहे. दोन, ते उचलणारा माणूस हे रिकामे पात्र आहे. सोडलेले पुस्तक ऐतिहासिक कादंबरी असेल आणि बाक बीड जिल्ह्यातला असेल, तर ही दोन्ही गृहीतके कोसळतात.

गेवराईच्या बसस्थानकावर कोणी रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) ठेवली आहे, अशी कल्पना करावी. कादंबरीचे नायक थोरले माधवराव पेशवे. त्यांनी निजामाच्या फौजेचा निर्णायक पराभव केला तो १० ऑगस्ट १७६३ रोजी, याच तालुक्यातील राक्षसभुवन येथे, गोदावरीकाठी. त्या लढाईत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. तो मराठी ब्राह्मण होता. पुण्याच्या या विजयानंतरही बीडची भूमी पुढे १९४८ पर्यंत निजामी राज्याचा भाग राहिली. म्हणजे पुस्तक उचलणारा माणूस त्या कथेचा केवळ ग्राहक नाही. ज्या भूमीवर ती घडली तिचा तो वारस आहे. पेशव्यांच्या संसाराभोवती आणि दरबाराभोवती फिरणाऱ्या कथनात त्याचे गाव रणभूमी म्हणून येते, वस्ती म्हणून येत नाही. दोन्ही सैन्यांनी ज्यांची उभी पिके तुडवली असतील, त्यांच्या बाजूने त्याला काही विचारायचे असू शकते. मात्र पुस्तक ठेवणारा केव्हाच निघून गेलेला असतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अर्थ वाचकच घडवतो, तेव्हा त्याला वेगळा अधिकार देण्याचे प्रयोजन काय? वाचककेंद्री समीक्षेचा हा सोयीस्कर वापर आहे. मनातल्या मनात लावलेला अर्थ समीक्षा होत नाही. तो दुसऱ्या वाचकापर्यंत पोहोचावा लागतो. ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत तर हे अपरिहार्य ठरते, कारण 'मोचनगड'पासून मराठी वाचक या प्रकाराकडे मनोरंजनाबरोबरच इतिहासाचे ज्ञान म्हणूनही पाहत आला आहे. कल्पिलेले संवाद पुरावा म्हणून उद्धृत होतात आणि त्यांच्या आधारे आजचे हेवेदावे मांडले जातात. अशी संहिता प्रतिवादाची सोय न ठेवता सार्वजनिक जागी सोडणे म्हणजे एकतर्फी निवेदन प्रसृत करणे होय. मूळ उपक्रमात प्रत्येक प्रतीला क्रमांक होता आणि वाचकाने आपला अभिप्राय नोंदवावा अशी योजना होती. त्यातली नोंद गाळून केवळ सोडणे उचलले, तर उरते ते औदार्याचे प्रदर्शन.

संहिता चारचौघांत ठेवण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. पोथी, पुराण, कीर्तन या साऱ्या प्रकारांत संहितेसोबत निरूपणकार असे आणि समोर श्रोते असत. त्या व्यवस्थेत जातीची आणि अधिकाराची उतरंड होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही निरूपणकाराला श्रोत्यांच्या चेहऱ्यांना सामोरे जावे लागे. बाकावर पुस्तक ठेवून जाणारा या जबाबदारीतून स्वतःला मोकळे करून घेतो.

याहून गंभीर प्रश्न ग्रंथालयाचा आहे. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देण्याची व्यवस्था उभी राहिली. तिची कल्पना मात्र वर्षभर एका गावी राहणाऱ्या सभासदाची आहे. बीडमधील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायकोचा एक 'कोयता' होऊन, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. त्यांच्या मुलांना अनामत भरून वर्गणीदार होणे कसे शक्य आहे? बसस्थानकावरचे पुस्तक या उणिवेवर तोडगा आहे असे मानणे म्हणजे संस्थेचे कर्तव्य योगायोगावर ढकलणे.

तेव्हा कादंबरी सोडायचीच असेल, तर तिच्या अखेरीस कोरी पाने शिवावीत. जवळच्या ग्रंथालयाने ती प्रत, तिच्यावरच्या खुणांसह आणि शिव्याशापांसह, परत स्वीकारावी. आणि ते लेखन समीक्षेने संहितेइतकेच गांभीर्याने वाचावे. राक्षसभुवनच्या वाचकाने पानाच्या कडेला 'हे असे नव्हते' एवढे जरी लिहिले, तरी ऐतिहासिक कादंबरीची चिकित्सा तिथून सुरू होते. ती ओळ लिहिण्याची जागा ज्याने ठेवली नाही, त्याने पुस्तक वाटले असे म्हणता येणार नाही. त्याने ते केवळ टाकले.